अळीचा झेंडू

टमाट्याच्या झाडांत घटकाभर वावरलं की बोटांवर हिरवट-काळं किटण चढतं. साबण लावला की ते पिवळं होऊन वाहतं, आणि कितीही घासलं तरी नखांच्या कडेला राहतंच. त्याला एक उग्र, कडवट वास असतो. शहरातल्या माझ्या मैत्रिणींना तो माहीत नाही. त्यांना फळ माहीत आहे, झाड नाही.

आज सकाळी तो वास पुन्हा हाताला लागला. झाडं कमरेपर्यंत आली आहेत, सुतळीने तारेला बांधून झाली आहेत, बारीक पिवळी फुलं माना खाली घालून लोंबताहेत. आणि दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ नारिंगी पेटली आहे. दसरा उद्यावर आलाय. म्हणजे आता बायका टोपल्या घेऊन येणार, फुलं मागणार. गावात दसऱ्याला झेंडू कुणी कुणाला नाकारत नाही. मीही एका वर्षी नाकारला नव्हता, आणि तो हंगाम अजून माझ्या मानगुटीवरून उतरलेला नाही.

त्या हंगामाच्या आधी आमच्या घरामागे, मोरीचं पाणी जातं तिथे, टमाट्याची चार झाडं असायची. त्यांना आम्ही ‘घरचे टमाटे’ म्हणायचो. वावर एकरभर टमाट्यांनी लाल झालेलं असायचं, कॅरेटच्या कॅरेट डोणगावला, मेहकरला जायची, पण आमच्या भाजीत पडायचे ते मोरीवरच्या चार झाडांचे. लहानपणी मला वाटायचं, घरचे टमाटे गोड असतील म्हणून. एकदा मी वावरातला एक लालबुंद टमाटा फ्रॉकला पुसून तोंडाशी नेला, तर आईने माझ्या हातावर अशी चापट मारली की फळ धुऱ्यापलीकडे, बांधाच्या पार गेलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “ते इकायचे हायेत.”

ते वाक्य मला फार उशिरा कळलं. जे आपल्या लेकराच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही, ते कॅरेटमध्ये नीट रचून दुसऱ्याच्या लेकराकडे पाठवायचं. आणि यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्याच वावरवाल्यांच्या मोरीवर चार झाडं होती.

माझे वडील मेहकरच्या एका छापखान्यात कामाला. मोर्चाची पत्रकं, सभेची पत्रकं, संपाची पत्रकं. ज्यात शाई पसरली, ज्यात अक्षर तिरकं गेलं, ती सगळी आमच्या घरी यायची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले आणि गणितं त्यांच्या पाठीवर सोडवली. ‘बंधूंनो, उठा!’ हे मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्याआधी वाचता आलं. वडिलांचं वावराशी देणंघेणं नव्हतं. काही विचारलं की म्हणायचे, “मी छापतो, पेरत नाही.” पेरायचं काम आईचं आणि काकाचं. जमीन एकत्र, विहीर एकत्र, आणि फवाऱ्याचा पंप काकाच्या पाठीवर.

काका वाईट माणूस नव्हे. तो घाबरलेला माणूस होता. टमाट्याचं पीक माणसाला घाबरवतंच. पान कोकडलं की पांढरी माशी, पानावर नागमोडी रेघ दिसली की नागअळी, आणि हिरव्या फळाला टाचणीएवढं भोक दिसलं की आत घाटेअळी शिरून बसलेली. हरभऱ्याच्या घाट्यात असते तीच, इथे फळ पोखरते. एका फळावर ती थांबत नाही. अर्धं खाते, दुसऱ्यात शिरते. काका दर चौथ्या दिवशी पंप पाठीवर घ्यायचा. अळी असो वा नसो. प्लास्टिकच्या पिशवीत एक पान घेऊन दुकानात जायचा. मी एकदा सोबत गेले होते. दुकानदाराने पिशवी उघडलीच नाही. बाहेरूनच बघितलं आणि मागच्या फळीवरून दोन बाटल्या काढल्या. “हे दोन्ही एका पंपात टाका, पाटील. रिझल्ट एक नंबर.”

मी विचारलं, “काका, त्यांनी पान काऊन नाही पाह्यलं?”

“पान पाहून काय करशीन? बाटली पाह्यली त्यानं.”

त्याने हे थट्टेत म्हटलं होतं. मला मात्र अजूनही वाटतं, टमाटा पिकवणाऱ्यांचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. तपासणारा आणि विकणारा एकच असला की तो पान कशाला बघेल?

मग एका पावसाळ्यात कृषी सहायक ताई आल्या. निंबाखाली शेतीशाळा भरली. निरोप सातबाऱ्यावरच्या नावांना गेला होता, म्हणून पुरुष आले. आई वावरात निंदत होती, ती विळा हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली. ताई सांगत होत्या: आधी बघा, मग मोजा, मग ठरवा. टमाट्याचं रोप पंचवीस दिवसांचं आणि झेंडूचं चाळीस दिवसांचं, एकाच दिवशी लावा, म्हणजे दोघांना फुलं बरोबर येतील. घाटेअळीच्या पाखराला झेंडूचं फूल आवडतं, ते तिथेच अंडी घालतं. मग फवारायचं तर झेंडूची ओळ फवारा, वेचायचं तर झेंडूवर वेचा. सोबत कामगंध सापळे लावा, त्यात नर पतंग अडकतात. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग दिसले की समजा, धोका आला. त्याआधी पंपाला हात लावायचा नाही.

पुरुषांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि गेले. आई तशीच उभी. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला, “ताई, मंग ते टमाटं लेकराले देता येते काय?”

ताई म्हणाल्या, “तेवढ्यासाठीच तर सांगून राह्यले, बाई.”

तीन वर्ग झाले आणि ताईंची बदली झाली. पण आईच्या डोक्यात ते बसलं होतं. रोपं टाकायच्या वेळी ती काकाला म्हणाली, “भाऊजी, यंदा मोरीवर झाडं लावत नाही मी. यंदा जे इकू तेच खाऊ.”

काका हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. म्हणाला, “एक हंगाम देतो, वैनी. नाही जमलं तर पुढच्या सालापासून वावराचं मी पाहीन. मंग झेंडू नाही अन् बिंडू नाही.”

एवढंच होतं पणाला. बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण ज्या बाईने वीस वर्षं त्या वावरातलं प्रत्येक फळ स्वतःच्या हाताने तोडलं, तिला त्या वावरात काय करायचं हे ठरवायचा एकच हंगाम मिळाला होता. तोही दिरानं दिलेला.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि क्रांती माझ्या खिशात होती. मी एक पत्रक लिहिलं. ‘विषाच्या साम्राज्याला सुरुंग लावा!’ अशी त्याच्या मथळ्यातच गर्जना होती. आईला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं, सुतळीची गाठ मारली आणि विचारलं, “याच्यात झेंडू कुठं हाय?”

नव्हता.

सापळ्यातले पतंग मोजायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी दव असताना जायचं, सापळ्याची प्लास्टिकची पिशवी वर उचलून आत बघायचं, आकडा जुन्या पत्रकाच्या पाठीवर लिहायचा. एका बाजूला ‘चलो बुलढाणा’, दुसऱ्या बाजूला ‘सापळा तिसरा, पतंग दोन’. त्या सकाळी मला खऱ्या वाटायच्या. काका धुऱ्यावरून ओरडायचा, “काय वं पोरी, आज किती पाव्हणे आले? वास लावून लावून पाखरं बोलावून राह्यली तू, अन् ते येते आपल्या टमाट्यात!” मी उत्तर द्यायची की हे नर आहेत, नरांना मादीचा वास येतो म्हणून येतात, ते अंडी घालत नाहीत. त्यावर तो म्हणायचा, “नरच तं बदमाश असते वं,” आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेस्तोवर हसायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई डोणगावला मावशीकडे गेली. मावशी आजारी होती. जाताना मला म्हणाली, “वावरावर ध्यान ठेव.” दुपारी काकू आली, हातात टोपली. काकाची बायको, माझ्या आईची रोजची सोबतीण. तिच्यामागे आणखी चार बायका. “तोरणाले फुलं दे वं बाई. तुमच्याइतका झेंडू गावात कोनाचाच नाही.”

मला अभिमान वाटला, तो आजही आठवतो. पत्रकांतून वाढलेल्या मुलीला ‘जे आहे ते सगळ्यांचं’ असं म्हणायची याहून चांगली संधी कोणती? मी म्हटलं, “न्या. पोटभर न्या.” मीही त्यांच्याबरोबर तोडत बसले. हाताला झेंडूचा वास, टमाट्याचा वास, गप्पा, हसणं. त्या आठवड्यात भोवतालचं सोयाबीन सोंगून झालं होतं, सगळीकडे नुसती तपकिरी धसकटं, आणि त्या उजाड शिवारात आमचं एक वावर हिरवं उरलं होतं. याचा अर्थ काय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सूर्य कलेपर्यंत झेंडूच्या सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. एक फूल नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आई आली ती सरळ वावरातच. मी मागे गेले. ती धुऱ्यावर उभी राहून ओळीमागून ओळ बघत गेली. मला वाटलं होतं, बोलेल, रागावेल. ती शांतपणे म्हणाली, “फुलं देल्ली. बरं केलं. आता पाखरानं बसावं कुठं?”

पाखरं बसायची तिथेच बसली, शिवारात उरलेल्या एकुलत्या हिरव्यावर. तीन दिवसांत सापळ्यांतले आकडे चढले. आठ. अकरा. पुन्हा अकरा. टमाट्याच्या शेंड्याजवळच्या पानांवर खसखशीच्या दाण्यासारखी पांढुरकी अंडी दिसायला लागली. मी पत्रकाच्या पाठीवर आकडा लिहिला आणि पेन्सिल मोडली. सगळ्या गावाला झेंडू वाटून मी आईचा हंगाम घालवला होता. आणि हे चूक म्हणून नव्हे, चांगुलपणा म्हणून केलं होतं.

चौथ्या दिवशी काकू आमच्या दारात आली. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात वाळत चाललेलं तोरण, अंगापासून लांब धरलेलं.

“वैनी, हे पाहा बाप्पा! काय फुलं देल्ली तुमच्या पोरीनं! उंबऱ्यावर अळ्या पडून राह्यल्या. सकाळपासून झाडून राह्यली मी. देवाच्या फोटोवरबी एक चढली!”

आईने तोरण हातात घेतलं, एक फूल पिळून उघडलं. आत पाकळ्यांच्या मुळाशी दोऱ्याएवढ्या अळ्या वळवळत होत्या. एका फुलात दोन, दुसऱ्यात तीन. आणि माझी आई, जी चार दिवस माझ्याशी मोजकं बोलत होती, उंबऱ्यावर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अवं बाई, ह्या साऱ्या टमाट्यात असत्या. पाह्य, कशा फुलातच बसल्या! ताई खोटं नव्हती बोलून राह्यली.”

काकूने आणखी एक फूल स्वतः पिळून बघितलं. मग ती बाहेर गेली आणि पुढचा तासभर आळीतली तोरणं उतरवून फुलं पिळून बघण्यात गेला. ज्या पुरुषांनी निंबाखाली चहा पिऊन माना डोलावल्या होत्या, त्यांच्या बायकांनी स्वतःच्या दारात ती शेतीशाळा पूर्ण केली. माझं एकही पत्रक इतकं वाचलं गेलं नव्हतं.

पण गावाला पटलं म्हणून वावर वाचत नाही. त्याच संध्याकाळी काका दोन बाटल्या घेऊन आला. पंप धुतलेला, तोंडाला फडकं. आई ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

“सरका वैनी. पीक चाललं हातचं.”

“आठ दिवस थांबा, भाऊजी.”

“आठ दिवसांत भुस्सा होईन.”

“हंगाम देला ना तुमी? हंगाम अजून संपला नाही.”

काकाने पंपाचा पट्टा खांद्यावर सावरला. आपल्या घरात दिराच्या वाटेत वहिनी उभी राहत नाही. तिने पदर डोक्यावरून घेतला होता, आवाज चढवला नव्हता, पण ती हलली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेवटी पंप खाली ठेवण्याचा आवाज आला.

बदली झालेल्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अळ्या अजून बारीक आहेत ना, मग एचएनपीव्ही फवारा. घाटेअळीला होणाऱ्या रोगाचाच तो अर्क असतो. अळीला मारतो, माणसाला नाही, मधमाशीला नाही. आमच्या आसपासच्या एकाही दुकानात तो नव्हता. ज्याचा खप नाही ते ठेवत नाही, आणि जे ठेवत नाही त्याचा खप होत नाही. मी पहाटेची एसटी धरून बुलढाण्याला गेले. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन परत आले, चिखलीच्या स्टँडवर फडकं पुन्हा भिजवलं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “दवाखान्यातून आणलं काय बाई?” मी म्हटलं, “हाव. अळीसाठी.” तो जरा सरकून बसला.

ऊन उतरल्यावर फवारायचं, कारण उन्हात तो अर्क मरतो. सोबत गूळ, म्हणजे अळी चवीनं खाते. आणि नीळ, कपड्यांची नीळ, उन्हापासून आडोसा म्हणून. पंप आईने पाठीवर घेतला. निळसर गोड पाणी पानांवरून ओघळत होतं आणि मधमाश्या मजेत फुलांवर हिंडत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या वावरात फवारा चालू असताना कुणी नाकाला फडकं बांधलं नव्हतं.

मग वाट बघणं. काका रोज यायचा. “मेली काय वं तुही अळी? का गूळ चाटून चाटून जाड झाली?” पहिले तीन दिवस काहीच बदललं नाही. अळ्या खात होत्या. हिरव्या फळांना भोकं पडत होती. आई रोज भोकाची फळं तोडायची, खड्ड्यात टाकून वर माती ओढायची. धुऱ्यावर फेकायची नाही, कारण धुऱ्यावर फेकलेल्या फळातली अळी पुन्हा वावरातच येते. पहिली तोडणी जवळजवळ सगळी त्या खड्ड्यात गेली. हे मी लपवणार नाही. माझ्या टोपलीभर औदार्याची किंमत तिने मातीखाली पुरली.

सहाव्या सकाळी मी सापळ्याकडे जात होते आणि थांबले. झाडाच्या शेंड्यावर एक अळी मागच्या पायांवर उलटी लटकली होती. काळपट, सैल, ओल्या चिंधीसारखी. पुढच्या झाडावर दुसरी. मग नजर बसली तशा दिसतच गेल्या. मी आईला हाक मारायच्या आधीच धुऱ्यावरून काकाची हाक आली, “वैनी! ओ वैनी! या तं उलट्या टांगल्या!” तो वावरात उतरला होता आणि पानं उलटून बघत होता. त्या दिवसापर्यंत मी त्याला पान बघताना पाहिलं नव्हतं.

झेंडूला पुन्हा कळ्या आल्या. दिवाळीच्या सुमाराला दुसरी तोडणी निघाली. भरपूर नाही, पण धड. आईने पहिला टमाटा तोडला, पदराला पुसला, दाताने फोडला आणि अर्धा मला दिला. तो कोमट होता, उन्हाने. आंबट होता. मोरीवरच्यापेक्षा गोड वगैरे काही नव्हता. मी रडले, ते मात्र तिने बघून न बघितल्यासारखं केलं.

आता मी पत्रकं लिहिते ती साधी असतात. त्यांत साम्राज्यं नसतात, झेंडू असतो. मी लिहिते, की आम्हाला असा माणूस हवा जो पान बघेल आणि ज्याला बाटली विकायची नसेल. तीन वर्गांनंतर बदलून जाणारा नको. रोपापासून शेवटच्या तोडणीपर्यंत थांबणारा हवा. मी लिहिते, की मित्रकीटकांच्या अंड्यांची कार्डं पार्सलात तापून वाटेतच फुटून येतात, आणि सापळ्यांतल्या वासाच्या गोळ्या पीक निघाल्यावर पोचतात, हे चालणार नाही. मी लिहिते, की निंबाखालचं बोलावणं सातबाऱ्यावरच्या नावाला देऊ नका. अळी पहिल्यांदा दिसते ती तोडणाऱ्या बाईला, तिला बोलवा. आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला लिहिते, की डाग नसलेलंच फळ हवं असेल तर तो डाग आम्ही कुठे पाठवायचा ते सांगा. आमच्या फुप्फुसात आता जागा नाही. काही लोकांना ही भाषा उद्धट वाटते. असू दे. आईला ती पटते, आणि वडील शाई न पसरवता छापतात.

काकाने हार कधी कबूल केली नाही. पुढच्या पावसाळ्यात मात्र त्याने पडवीत बसून, विहिरीकडे बघत विचारलं, “तो झेंडू कधी टाकावा लागते, वैनी? आधी का टमाट्यासंगं?” आई म्हणाली, “पंधरा दिवस आधी, भाऊजी.” वावराचं आता कोण बघणार, हा विषय पुन्हा निघाला नाही. यंदा धुऱ्याला धुरा लागून असलेल्या सहा वावरांत नारिंगी ओळी आहेत.

आज सकाळी पहिल्या टोपल्या आल्या. मी अजून हात पुसत होते, तेवढ्यात काकूचा आवाज आला. ती आमच्या धुऱ्यावर विळा मांडीवर घेऊन बसली होती, कुणी सांगितलं नसताना.

“हात नका लावू वं बायाहो. हा अळीचा झेंडू हाय.”

“अवं, देवाले पाह्यजे! दसऱ्याले नाही म्हन्ते काय?”

“हाव, म्हन्तो. देवाचा झेंडू वैनीच्या घरामागं हाय, मोरीवर. तिकडून न्या, टोपली भरून न्या.”

बायका घराकडे वळल्या. मोरीवर, जिथे आमची चार झाडं असायची, तिथे आता आई दरवर्षी देवासाठी झेंडू लावते. जे विकतो तेच खातो, म्हणून ती जागा रिकामी झाली होती.